वहिनीचा जुना जाणकार

माझी वहिनी कोणाला कधी प्रश्न विचारत नाही. ती चुकीचं सांगते.

म्हणजे असं, की समोरच्या घरातल्या मुलीने नोकरी का सोडली हे जाणून घ्यायचं असेल, तर दुसरी एखादी बाई आडून आडून चौकशी करेल. वहिनी सरळ त्या मुलीच्या आईला म्हणणार, "बरं झालं हो, तिला बढती मिळाली ते." की संपलं. ती माउली जिन्यातच बूड टेकून बसते आणि बढती कसली, साहेब कसा खडूस होता, मुलगी कशी तडकाफडकी राजीनामा देऊन आली, इथपासून जावई काय म्हणाला इथपर्यंत सगळं ओकते. वहिनी नुसती "अगं बाई" म्हणत राहते. प्रश्न विचारला की माणूस सावध होतं, पण समोरचा चुकीचं बोलला की त्याला राहवत नाही, असं तिचं शास्त्र आहे. या शास्त्राच्या जोरावर लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने आमच्या घराण्याची जवळजवळ सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली. त्यात माझीही होती.

मी तिची नणंद. सासरी जाण्याचं मी कधी मनावर घेतलं नाही, त्यामुळे आमच्या घरात नणंदेची जागा कायमची भरलेली आहे. वहिनी मला मुद्दाम जुन्या बायकांसारखं 'वन्सं' म्हणते, आणि मी चिडले की आणखी दोनदा म्हणते. त्यात भर म्हणजे आम्ही दोघी एकाच बांधकाम कंपनीत आहोत. मी खरेदी खात्यात. दारं, नळ, फरश्या, बिजागऱ्या, जे काही विकत आणायचं ते माझ्या सहीने येतं. काचेच्या भिंतीपलीकडे वहिनीचं मॉडेल खातं. त्या खात्यात खातेप्रमुख ती, कारकून ती आणि सकाळी पंखा लावणारीही तीच.

मॉडेल म्हटल्यावर मला आधी पुठ्ठ्याचं घर डोळ्यांसमोर आलं होतं. तसलं नाही. हे कॉम्प्युटरमधलं. इमारत प्रत्यक्ष उभी राहायच्या आधी ती अख्खी पडद्यावर उभी राहते. प्रत्येक भिंत, प्रत्येक पाइप, प्रत्येक दार. एखाद्या दारावर क्लिक केलं की ते कुठल्या लाकडाचं, किती रुंद, कोणाकडून आणलं, सगळं सांगतं. दोन वस्तू एकाच जागी आल्या, म्हणजे पाइप तुळईत घुसला, तर ते लाल रंगात बोंब मारतं. आमचे मालक एका प्रदर्शनाला गेले आणि कानात वारं शिरलेल्या वासरासारखे परत आले, ते हे घेऊनच.

पण मालकांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "आपण प्रत्येक इमारतीत त्याच त्याच चुका नव्याने करतो," ते म्हणत. "माणूस निवृत्त होतो आणि सगळं शहाणपण घरी घेऊन जातो. आपण वर त्याला भिंतीवरचं घड्याळ देतो." म्हणून त्यांनी वहिनीला काम दिलं, की मॉडेलमधल्या वस्तूंवर लोकांच्या अनुभवाच्या टिपा चिकटवायच्या. भिंतीवर क्लिक केलं की गेल्या वेळी अशा भिंतीचं काय बिघडलं होतं ते भिंतीनेच सांगितलं पाहिजे. सुरुवात नव्या वृद्धाश्रमाच्या इमारतीपासून. ती इमारत ताब्यात देईपर्यंत टिपा भरल्या नाहीत, तर मॉडेल राहील, खातं राहणार नाही, असंही त्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं.

वहिनीने आयुष्यात पहिल्यांदाच लोकांना सरळ प्रश्न विचारले. लॅपटॉप काखेत मारून ती साइटवर जायची आणि म्हणायची, "काका, मागच्या कामात काय चुकलं होतं?"

फरशीवाले म्हणाले, "आमच्याकडून? काही नाही."

वीजवाले म्हणाले, "सगळं व्यवस्थित."

प्लंबिंगच्या मुकादमांना सगळे 'पाणीकाका' म्हणतात. ते म्हणाले, "चुकणारी माणसं आपल्याकडे टिकतच नाहीत, बाई."

या टिपांवर विश्वास ठेवायचा तर आमच्या कंपनीच्या एकाही इमारतीत कधी पाण्याचा थेंब गळला नव्हता. इकडे माझ्या टेबलावर गळती बंद करायच्या मसाल्याची मागणी दर आठवड्याला येऊन पडत होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायला कोणी तयार नव्हतं, आणि का व्हावं? आपली चूक आपल्याच तोंडाने मॉडेलमध्ये लिहायची, म्हणजे ती इमारत असेपर्यंत तिथे राहणार.

असे काही आठवडे गेले. मग एके दिवशी काचेपलीकडे वहिनी स्वतःशीच हसताना दिसली. ती अशी हसली की मी पर्स जपून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये एक नवा माणूस लिहू लागला. नाव 'जुना जाणकार'. त्याची पहिली टीप बाथरूमच्या फरशीवर होती. 'फरशीचा उतार दाराकडे द्यावा, म्हणजे पाणी बाहेर ढकलायला सोपं जातं.'

दुपारच्या आत फरशीवाल्यांचं उत्तर आलं. ज्या माणसाने महिनाभर 'काही नाही' याच्या पलीकडे अक्षर लिहिलं नव्हतं, त्याने निबंध लिहिला होता. उतार जाळीकडेच का हवा, जाळी कोपऱ्यात असली की शेवटची फरशी कापताना पोरं आळस कसा करतात, मग तिथे पाण्याचं डबकं कसं होतं, आणि तसं ते कुठल्या इमारतीत झालं, कुठल्या मजल्यावर, आणि कोणाच्या हलगर्जीपणामुळे. शेवटी लिहिलं होतं, 'हा जाणकार कोण ते कळेल का? त्याच्या हातात थापी कोणी दिली?'

वहिनीने सगळ्या शिव्या वगळून बाकीचं फरशीवर नीट चिकटवलं.

मग रोज सुरू झालं. जाणकार लिहायचा, 'स्विचबोर्ड दाराच्या मागे घ्यावा, दिसायला बरा दिसतो.' वीजवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सुतार आयत्या वेळी दार फिरवतो आणि आमचे बोर्ड दाराआड जातात, म्हणून दार कुठे उघडणार ते ठरल्याशिवाय वायर ओढायची नाही, असं ते तावातावाने लिहायचे. जाणकार लिहायचा, 'गरम आणि थंड पाण्याचे पाइप चिकटून न्यावेत, सोबत होते.' पाणीकाका ते वाचून जेवणाच्या सुट्टीत जेवले नाहीत. जाणकार कधीही माघार घ्यायचा नाही. 'आमच्या काळी असंच करायचे,' एवढं लिहून तो पुढच्या भिंतीकडे वळायचा. त्यामुळे लोक आणखी पेटायचे. एकदा तर खुद्द मालकांनी रागाच्या भरात त्याला पाया खणण्यावरून चार शब्द सुनावले.

मॉडेल भरत चाललं. नवीन आलेले इंजिनिअर कामाला हात लावायच्या आधी टिपा वाचू लागले. मला एकटीला खरं माहीत होतं, कारण मी काचेच्या अलीकडे बसते आणि मला डोळे आहेत.

"पाप लागेल तुला," मी तिला म्हणाले.

"लागू दे, वन्सं," ती म्हणाली. "तू फक्त ताकास तूर लागू देऊ नकोस."

आता आमच्या बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते याच कंपनीत स्लॅबचे फोरमन होते. निवृत्त झाले, घड्याळ घेऊन घरी आले, आणि मग त्यांनी घर तपासायला घेतलं. ते भिंतीवर टकटक करून पाहायचे. वरच्या मजल्यावरच्यांना तुमची बाल्कनी फार दिवसांची नाही असं सांगून यायचे. आपल्या हातून काही चुकलं असं बाबांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलेलं नाही. चुका सिमेंटच्या असत, वाळूच्या असत, हवामानाच्या असत. बढाई मारताना त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण काम येत होतं हेही खरं. निवृत्तीनंतर ऐकायला कोणी उरलं नाही तेव्हा मात्र हळूहळू बोलणं कमी झालं. दुपारभर खुर्चीत बसून राहायचे. मला ते पाहवत नसे, आणि पाहवत नाही म्हणून मी त्यांच्यावर चिडायची.

एका संध्याकाळी वहिनीने लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडा ठेवला आणि पाणी प्यायला गेली. पडद्यावर जाणकाराची टीप होती. 'स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून पाणी मारणं बंद केलं तरी चालतं.'

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण हे गाढव?" आमच्या भिंती हादरल्या. "याला कंपनीत घेतला कोणी? अगं, स्लॅब म्हणजे तान्हं मूल! दुसऱ्या दिवशी पाणी बंद? सूनबाई, इकडे ये! लिही!"

त्या दिवसापासून बाबा दारात बसून सुनेची वाट पाहू लागले. ती आत आली की चपला काढायच्या आत विचारायचे, "काय म्हणतोय तो गाढव आज?" मग ती टाइप करायची आणि ते येरझाऱ्या घालत सांगायचे. दाढी रोज होऊ लागली. आई स्वयंपाकघरातून हे बघायची आणि गालातल्या गालात हसायची. आई काठी घेऊन चालते. काही वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली होती, तेव्हा कंबरेचं हाड मोडलं. दादाच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. आई पडली एवढंच घरात बोललं जातं, त्यापुढे कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी बाथरूमचं दार काढून उलट्या बाजूने बसवलं होतं. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "फुगलं होतं." ती पडली तेव्हा मी ऑफिसात होते, मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि बाबांच्या आवाजावरून मी पुन्हा विचारलं नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. वहिनीचा बैल वृद्धाश्रमाच्या बाथरूमपाशी येऊन अडला.

तिथली दारं आर्किटेक्ट बाईंनी बाहेर उघडणारी काढली होती. मॉडेलमध्ये ती दारं बाहेरच्या अरुंद बोळात येत आणि तिथून जाणाऱ्या व्हीलचेअरला लागत, म्हणून प्रत्येक मजल्यावर लाल बोंब दिसायची. वहिनीला ठाऊक होतं की म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूमचं दार बाहेरच उघडायला हवं. पण तिला ते पुस्तकातलं वाक्य नको होतं, कोणाच्या तरी घरात घडलेलं हवं होतं. इतकी वर्षं बांधकामात काढलेल्या या लोकांपैकी एकाच्या तरी घरी कोणी पडलं असेलच, असा तिचा हिशेब. म्हणून जाणकाराने लिहिलं, 'बाथरूमची दारं आत उघडणारी घ्यावीत. बाहेर उघडली तर जाणाऱ्या-येणाऱ्याला लागतात.'

आणि फरशीवाले म्हणाले, 'बरोबर. दारावरचं पाणीही बाहेर ठिबकत नाही.'

वीजवाले म्हणाले, 'बरोबर. बोर्डही मोकळा राहतो.'

पाणीकाकांनी लिहिलं, 'पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.'

मुख्य इंजिनिअरनी मॉडेलमध्ये दारं आत फिरवून पाहिली. सगळी लाल बोंब एका फटक्यात गायब. मॉडेलला दार आणि खुर्ची कळते. दाराला टेकून पडलेली म्हातारी त्याच्या खिजगणतीत नसते. त्यांनी 'मान्य' लिहिलं. एवढा अनुभवी माणूस म्हणतोय तर माझी हरकत नाही, असं आर्किटेक्ट बाईंनीही कळवलं.

राहिले आमचे बाबा. वहिनी त्या संध्याकाळी धावतच घरी आली. हा माणूस नक्की चिडणार, याची तिला खात्री होती. बाबांनी टीप वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, "मी जरा फिरून येतो."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी आईकडे बघितलं. आई गॅसची ज्योत बारीक करत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीने स्वतःच्या नावाने टीप लिहिली, की दारं बाहेरच हवीत. आतलं माणूस पडून दाराला टेकलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. त्यावर पाणीकाकांनी लिहिलं, 'बाई, जाणकारांच्या वाक्यावर लिहिताना थोडा विचार करावा.' गाढवाचे एका रात्रीत 'जाणकार' झाले होते, तेही अनेकवचनी.

मग तिने जाणकाराकडूनच लिहवून घेतलं. 'माझी चूक झाली. दारं बाहेर उघडणारीच घ्या.' यावर तर हलकल्लोळ झाला. जाणकार कधी माघार घेत नाहीत, हे सगळ्यांना पाठ होतं. कोणीतरी त्यांच्या नावाने खोडसाळपणा करतोय अशी फरशीवाल्यांनी तक्रार केली, आणि मुख्य इंजिनिअरनी सुरक्षेसाठी म्हणून जाणकाराचं लॉगिन कुलूपबंद केलं. आपणच जन्माला घातलेल्या माणसासमोर वहिनीला कोणी विचारेना. मी ऑफिसात तोंड दाबून हसले, हे कबूल करते. मग माझ्या टेबलावर दारांची मागणी येऊन पडली. वृद्धाश्रमातली सगळी बाथरूमं, सगळी आत उघडणारी. माझी सही सोमवारी सकाळी व्हायची होती. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

"तू सांगून टाक," मी म्हणाले. "जाणकार मीच म्हणून."

"सांगणारच आहे. सोमवारी सकाळी, सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय. मालक म्हणतील सगळ्या टिपा फसवून घेतल्या, त्या काढून टाका. काका लोक माझं तोंड बघणार नाहीत. खातं बंद." तिने डोळे पुसले, आणि ती खरंच रडत होती. वहिनी खोटं बोलते, पण खोटं रडत नाही. "पण कोणी म्हातारी आत अडकली तर मला झोप लागेल का गं?"

तेव्हा तिने मला वन्सं म्हटलं नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं.

हे सगळं रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. दादा नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घालून होता. आई ओट्याशी उभी होती. तिने आमचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "कप घ्या आणि बाहेर चला. आणि दोघी गप्प बसा."

बाहेर बाबा खुर्चीत होते. त्या टिपेपासून त्यांनी एकदाही गाढवाची चौकशी केली नव्हती. आईने चहा त्यांच्या हातात दिला, समोर बसली, आणि वहिनीला मोठ्याने म्हणाली, "मी पडले होते ती गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही ना गं?"

बाबांचा कप ओठापाशी थांबला.

"त्या मेल्या सुताराची चूक," आई म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांनी त्याला बजावून सांगितलं होतं, दार बाहेर उघडणारं लाव म्हणून. ऐकेल तर शपथ. त्याने लावलं आत उघडणारं. मी पडले ती नेमकी दाराला टेकून. हे बाहेरून ढकलायला गेले तर माझाच पाय दबायचा."

बाबा चहाकडे बघत होते. सुतार या जगात राहिला नव्हता, त्याला काही फरक पडणार नव्हता. मूग गिळून बसायला इतकी सोयीची गोष्ट दुसरी नव्हती.

आईने एक घोट घेतला. "पण सुतार माणूस म्हणून चांगला. त्यानेच शेवटी झरोक्याच्या काचा काढल्या, आत उतरला आणि मला उचललं."

"कोणी?" बाबा म्हणाले.

"सुताराने."

"सुतार कुठे होता तिथे!" कप खाली आपटला. "झरोक्यातून मी आलो! मी!"

"असेल बाई. मला वाटलं सुतारच. अंगाने बारीक होता, पटकन आत आला."

"पटकन? अगं, पोटापाशी अडकलो होतो मी! अर्धा आत, अर्धा बाहेर! हे बघ, इथे काच लागली होती," म्हणून त्यांनी बाही वर करून वण दाखवला. "आणि तू खाली पडल्या पडल्या मला म्हणत होतीस, घाई करू नका, स्वतःचा पाय मोडाल! सुताराचं नाव काढू नकोस. सुतार बिचारा सांगत होता..."

ते थांबले. पण आता थांबता येत नव्हतं. चुकीचं वाक्य समोर पडलेलं होतं, आणि ते तसंच पडू देणं या माणसाच्या स्वभावात नव्हतं, मग ते वाक्य त्यांना वाचवणारं का असेना.

"काय सांगत होता?" आईने विचारलं. या वेळी तिने सरळ प्रश्न विचारला.

"सांगत होता, साहेब, बाहेर उघडणारं लावू या. मीच म्हणालो, बाहेर बरं दिसत नाही, आत लाव." बाबांचा आवाज खाली आला. "माझी चूक होती. सुताराची नव्हे."

दादाने पेपर खाली ठेवला. मला बाबांचा हात धरावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या कपातला गार झालेला चहा बदलून आणला. मी परत आले तेव्हा ते वहिनीला म्हणत होते, "आण तो लॅपटॉप. लिही."

तिने लिहिलं आणि ते येरझाऱ्या न घालता, बसून सांगत होते.

'मी स्लॅबचा फोरमन होतो. माझ्या स्वतःच्या घरात बाथरूमचं दार मी आत उघडणारं लावायला सांगितलं. बायको पडली आणि दाराला टेकली. मी बाहेर उभा होतो आणि मला आत जाता येईना. ढकललं तर ती ओरडत होती, नाही ढकललं तरी ओरडत होती. बोळात दार येतं म्हणून दार फिरवू नका. खुर्चीवरचं माणूस क्षणभर थांबेल. पडलेल्या माणसाला थांबायला सांगता येत नाही.'

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव घालायला लावलं. मग वहिनीने त्यांच्यादेखतच आणखी एक ओळ लिहिली. 'आत उघडण्याची मूळ टीप मुद्दाम चुकीची होती. जुना जाणकार म्हणजे मीच.' आणि स्वतःचं नाव.

बाबांनी चष्मा सारखा केला. "म्हणजे तो गाढव..."

"मीच, बाबा."

"स्लॅबवर पाणी दुसऱ्या दिवशी बंद, तेही तूच?"

"हो."

"तुला खरं काय ते माहीत होतं?"

"नव्हतं," वहिनी खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

हे खरं की खोटं, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. पण बाबांचा चेहरा थोडा सैल झाला. "तरीच," ते म्हणाले. "कोणाही खऱ्या माणसाला एवढं चुकीचं येणं शक्य नव्हतं."

सोमवारी सकाळी मी सही केली नाही. वहिनी पर्समध्ये आपला कप आणि पंख्याखाली ठेवायचं पेपरवेट भरून बसली होती, बोलावणं आलं की जायला. मालकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीच्या काचेतून ऐकू येत नाही, पण हातवारे दिसतात. पाया खणण्यावरून आपण कोणाला चार शब्द सुनावले होते हे त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. बराच वेळ ते हातवारे करत होते. तेवढ्यात मुख्य इंजिनिअर त्यांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी लॅपटॉपचा पडदा दाखवला. बाबांच्या टिपेखाली पाणीकाकांनी लिहिलं होतं. 'माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. तेव्हा दार मीच बसवलं होतं. मी आजवर बोललो नाही. जाणकारांना बरोबर म्हणालो, तीही माझीच चूक.' त्याच्याखाली फरशीवाल्यांचं काहीतरी येत होतं, ते अजून टाइप करत होते.

मालक खुर्चीत बसले. वहिनी बाहेर आली, कप पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, दारांची मागणी बदलून टाका."

तिला ताकीद मिळाली. लेखी मिळाली. खातं मात्र राहिलं.

दारं आली ती मीच मागवलेली, बाहेर उघडणारी. बसवून झाली तेव्हा बाबांनी ती बघायचा हट्ट धरला, आणि आई म्हणाली, मग मीही येणार. इमारतीत अजून रंगाचा वास होता. बाबांनी एका बाथरूमचं दार उघडझाप करून पाहिलं, बिजागरी दाबून पाहिली, तिथल्या सुताराला उगाचच दोन चुका सांगितल्या. मग अचानक आत गेले आणि दार लावून घेतलं.

आतून धप्प आवाज आला.

"बाबा!" वहिनी ओरडली.

"गप्प!" आतून आवाज आला. "मी दाराला टेकून बसलोय. पाय समोरच्या भिंतीला लावलेत. आता उघडून दाखवा."

मी पुढे झाले, पण आईने काठीने मला अडवलं. ती दारापाशी गेली, काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने कडी धरून दार ओढलं. ते हलकेच उघडलं. बाबा पाठीवर बाहेर पडले, डोकं थेट आईच्या पायाशी. टोपी घरंगळत बोळात गेली.

वहिनीला हसू आवरेना. मला वाटलं बाबा आता चिडणार, सुताराचा उद्धार करणार. पण ते तसेच पडून राहिले, खालून आईकडे बघत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"हो का," आई म्हणाली. "सगळ्या कंपनीला सांगून झालं, आणि मला आज सांगताय."

मग तिने काठी माझ्याकडे दिली आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.